गाठ दिसते, निदान ठरवावं लागतं



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर घोटी-इगतपुरीच्या या भागातली माणसं तपासली. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. माझ्यासमोर रुग्ण क्वचितच येतो; त्याच्या शरीरातून काढलेला तुकडा येतो. तो कशाचा आहे हे सांगणं माझं काम. आज मी अशाच एका तुकड्याविषयी बोलणार आहे. तो बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो, पण दिसतो कर्करोगासारखा.

काही माणसांच्या जठराच्या भिंतीत स्वादुपिंडाचा एक छोटा भाग असतो. मूळ स्वादुपिंड आपल्या जागी शाबूत असतं. त्याच्याशी या भागाचा काही सांधा नसतो, त्याच्या रक्तवाहिन्याही वेगळ्या असतात. जन्मापासून तो तिथे असतो आणि बहुतेकांना मरेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. वैद्यकात त्याला एक्टोपिक किंवा हेटेरोटोपिक पॅन्क्रिआज म्हणतात. एखाद्याचं पोट दुखतं, दुर्बिणीनं तपासणी होते, पडद्यावर गाठ दिसते आणि घरात एकच शब्द शिरतो. पुढचे काही आठवडे ते घर काय सोसतं, हे तुमच्यापैकी अनेकांनी जवळून पाहिलं असेल. गाठ दिसणं आणि निदान ठरणं या दोहोंच्या मधल्या काळात डॉक्टरांनी, नातेवाइकांनी आणि गावानं कसं वागावं, हे मला आज सांगायचं आहे.

आधी स्वादुपिंडाचं काम पाहू. पोटात मागच्या बाजूला, जठराच्या पाठीशी आडवी पडलेली ही ग्रंथी रोज साधारण दीड लिटर पाचकरस तयार करते. प्रथिनं, स्निग्ध पदार्थ आणि पिष्ट पदार्थ पचवणारी विकरं या रसात असतात, आणि तो नळीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरतो. याच ग्रंथीत पेशींची छोटी बेटंही असतात. पॉल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्यानं १८६९ मध्ये आपल्या प्रबंधात त्यांचं वर्णन केलं. इन्शुलिन तिथे तयार होतं, हे पुढे कळलं. म्हणजे पाचकरसाच्या पेशी, रस वाहून नेणाऱ्या नळ्या आणि संप्रेरकांची बेटं, असे या ग्रंथीचे तीन घटक आहेत. ते ध्यानात ठेवा. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली आपल्याला हेच शोधायचे आहेत.

हा भाग जठरात पोचतो कसा? गर्भ चार-पाच आठवड्यांचा असताना पुढे आतडं होणाऱ्या नळीतून दोन कोंब फुटतात, एक पाठीच्या बाजूला आणि एक पोटाच्या बाजूला. आतडं वळतं तसा पोटाकडचा कोंब मागे सरकतो आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास दोन्ही एकत्र होऊन स्वादुपिंड तयार होतं. या हालचालीत कोंबाचा एखादा कण शेजारच्या जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीत मागे राहतो आणि तिथेच वाढतो, असं एक मत आहे. तुम्ही सगळे भाताच्या मुलखातले आहात. आवणी करताना मुठीतलं एखादं रोप बांधावर पडतं आणि तिथेच रुजतं. ते तण नसतं, भातच असतं. फक्त खाचराबाहेर उगवलेलं असतं.

दुसरं मत असं, की जठराच्या अस्तरातल्या मूळ पेशीच तिथल्या तिथे स्वादुपिंडाच्या वाटेला लागतात. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी कोंबडीच्या गर्भांवर एक प्रयोग केला. स्वादुपिंडाला शेजारच्या भागांपासून वेगळं ठेवणारा एक रासायनिक संदेश त्यांनी औषधानं दाबला, तेव्हा जठराच्या आणि आतड्याच्या भिंतीत स्वादुपिंडाची ऊती उगवली. म्हणजे ही वाट जठराच्या पेशींना मुळातच मोकळी असते आणि शरीर ती एरवी बंद ठेवतं. यापैकी काहीही खरं असलं, तरी आईच्या खाण्यापिण्याचा, ग्रहणाचा किंवा कुणाच्या नजरेचा याच्याशी संबंध नाही. कुणाही आईनं स्वतःला बोल लावून घेऊ नये.

ही गोष्ट नवी नाही. जागा सोडून आढळलेल्या स्वादुपिंडाची पहिली नोंद १७२७ सालची आहे. झां शुल्त्झ यांना हा भाग आतड्याच्या एका पिशवीसारख्या फुगवट्यात दिसला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची खात्री क्लोब यांनी १८५९ मध्ये केली. शवविच्छेदनांच्या निरनिराळ्या अभ्यासांत शंभरांत अर्ध्यापासून ते तेरापर्यंत व्यक्तींत तो सापडला आहे. पोटाच्या वरच्या भागाच्या सुमारे ५०० शस्त्रक्रियांमागे एकदा तो भेटतो, असंही ग्रंथांत नोंदलेलं आहे. जठर, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग आणि त्यापुढचा भाग या त्याच्या नेहमीच्या जागा.

आता एक रुग्ण डोळ्यांपुढे आणा. ही कुणा एकीची हकीकत नाही. अशा रुग्णांत जे नेहमी आढळतं ते एकत्र करून सांगतो. चाळिशी ओलांडलेली शेतकरी बाई. वरच्या पोटात दुखतं, जेवल्यावर जड वाटतं, कधी मळमळतं. आवणीच्या दिवसांत दवाखान्यात जायला कुणाला फुरसत असते? पित्त झालं म्हणून ती ओवा खाते, मेडिकलमधून गोळी आणते. दोन-चार महिने जातात. मग मुलगा हट्टानं तिला दुर्बिणीच्या तपासणीला घेऊन जातो. जठराच्या खालच्या टोकाला, जिथून अन्न आतड्यात उतरतं त्या दरवाजाच्या अलीकडे, एक-दोन सेंटिमीटरचा गोल उंचवटा दिसतो. त्यावरचं अस्तर गुळगुळीत असतं आणि मधोमध एक बारीक खळगा असतो. रिपोर्टवर लिहिलं जातं, ‘अँट्रममध्ये गाठ’. मुलगा फोनवर ते वाचतो, शोधतो, आणि पहिल्याच ओळीत त्याला ‘कॅन्सर’ दिसतं.

त्या खळग्यात बरंच काही दडलेलं असतं. पुष्कळदा ते त्या चुकार स्वादुपिंडाच्या नळीचं तोंड असतं. तिचा रस तिथून जठरात झिरपतो. जठरातला असा भाग बहुतेक वेळा खालच्या दरवाजापासून पाच-सहा सेंटिमीटरच्या आत, मोठ्या बाकाच्या बाजूला सापडतो. जागा, आकार आणि खळगा ही तिन्ही लक्षणं जुळली, तर अनुभवी डॉक्टरांच्या मनात त्याचं नाव येतं. पण प्रत्येक गाठीला खळगा नसतो. स्नायूंपासून होणाऱ्या गाठी, जिस्ट नावाची गाठ, न्यूरोएंडोक्राइन गाठ, लिम्फोमा, आणि अस्तराखाली पसरत जाणारा जठराचा कर्करोग, हे सगळे पडद्यावर जवळपास असेच दिसू शकतात. त्यातच या भागाला सूज आली किंवा वर व्रण पडला, की भिंत जाड होते, दरवाजा अरुंद होतो, उलट्या होतात, रक्तस्रावही होतो. मग तर चित्र हुबेहूब कर्करोगाचं बनतं.

इथे लोक म्हणतात, तुकडा काढून तपासायला पाठवला म्हणजे झालं. हा गैरसमज मला आज दूर करायचा आहे. जठराच्या भिंतीला थर असतात. आतून अस्तर, त्याखाली सैल ऊतींचा थर, त्याखाली स्नायू आणि सगळ्यात बाहेर पातळ आवरण. चुकार स्वादुपिंड बहुतेक वेळा अस्तराखालच्या सैल थरात असतं, कधी स्नायूंपर्यंत गेलेलं असतं. दुर्बिणीतून आत जाणारा चिमटा अगदी लहान असतो. तो वरचं अस्तर तेवढं उचलतो. माझ्याकडे आलेल्या तुकड्यात जठराचं साधं अस्तर आणि थोडी सूज असते. मी लिहितो, ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत.’ ते खरंच असतं, पण त्यातून गाठीचं उत्तर मिळत नाही, कारण गाठीपर्यंत चिमटा पोचलेलाच नसतो. असा रिपोर्ट हाती आल्यावर कुणी पेढे वाटतं आणि कुणाला वाटतं, डॉक्टर काहीतरी लपवताहेत. यातलं काहीच बरोबर नाही. त्या रिपोर्टचा अर्थ एवढाच, की तपास अजून संपलेला नाही.

मग पुढचं पाऊल काय? दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी बसवलेली असते, तिला एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड म्हणतात. तिच्यात जठराच्या भिंतीचे थर वेगवेगळे दिसतात आणि गाठ कोणत्या थरातून उगवली ते कळतं. तिच्या पडद्यावर नजर ठेवून गाठीत सुई घालता येते, किंवा खोलवरचा मोठा तुकडा घेता येतो. सीटी स्कॅनमध्ये हा भाग पुष्कळदा चपटा, कडा अस्पष्ट असलेला आणि मूळ स्वादुपिंडासारखाच रंग धरणारा दिसतो. नाशिक आणि मुंबईत या सोयी आहेत. इथून जवळ धामणगावला एसएमबीटी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. वैद्यकीय महाविद्यालय असलं, की शल्यविशारद, क्ष-किरणतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट एका आवारात असतात. एका रुग्णाबद्दल या तिघांना एकत्र बोलता येणं, हाच या बाबतीत सगळ्यात मोठा फायदा आहे.

आता मी तुम्हाला माझ्या टेबलापाशी नेतो. तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये टिकवतात, मग मेणात बसवतात, आणि त्याचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप करून काचेवर घेतात. मग रंग देतात: केंद्रकं निळी-जांभळी होतात, बाकीचा भाग गुलाबी. वरून खाली पाहत गेलं, की आधी जठराच्या अस्तरातल्या ओळीनं उभ्या ग्रंथी दिसतात, मग स्नायूंची एक बारीक पट्टी. तिच्याखाली एकाएकी दृश्य बदलतं. पेशींचे गोल पुंजके दिसतात. प्रत्येक पेशीचं बूड निळसर आणि आतल्या बाजूला विकरांचे गुलाबी दाणे ठासून भरलेले. पुंजक्यांमधून एका थराचं अस्तर असलेल्या नळ्या जातात. नशीब असेल, तर मध्येच फिकट पेशींचं एखादं बेटही दिसतं. हे तिन्ही एकत्र दिसले, की शंकेला जागा उरत नाही. हे स्वादुपिंड आहे, आणि ते निरोगी आहे.

मात्र निसर्ग दर वेळी इतका सरळ नसतो. हाइनरिश यांनी १९०९ मध्ये या भागाचे तीन प्रकार केले. पहिल्यात तिन्ही घटक असतात. दुसऱ्यात बेटं नसतात. तिसऱ्यात नुसत्या नळ्या असतात. हा तिसरा प्रकार सूक्ष्मदर्शकाखालीही फसवतो. स्नायूंच्या धाग्यांमध्ये विखुरलेल्या नळ्या पाहून कर्करोगाच्या ग्रंथी स्नायूंत घुसल्या आहेत, असं वाटू शकतं. तेव्हा घाई न करता पाहावं लागतं. नळ्यांची मांडणी गटागटानं आहे का? केंद्रकं एकसारखी, शांत आहेत का? पेशींचं बेसुमार विभाजन दिसतं का? कर्करोग घुसताना भोवतीची ऊती जशी आक्रसते आणि कडक होते, तशी इथे झाली आहे का? या प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली, तरच हात लिहायला उचलावा. शंका उरली, तर शेजारच्या सहकाऱ्याला काच दाखवावी. दुसऱ्याला विचारल्यानं पॅथॉलॉजिस्ट लहान होत नाही. रुग्णाचं जठर मात्र वाचतं.

जठर वाचणं म्हणजे काय, हे कष्टकरी घराला लगेच समजेल. कर्करोग समजून जठराचा मोठा भाग काढला, तर माणसाला आयुष्यभर थोडं थोडं, अनेक वेळा खावं लागतं. जेवल्यावर घाम येतो, छाती धडधडते, चक्कर येते. वजन उतरतं, लोह कमी पडतं. पूर्ण जठर काढलं, तर बी-१२ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं जन्मभर घ्यावी लागतात. कर्करोग असेल तर ही किंमत मोजलीच पाहिजे, कारण त्यात जीव वाचतो. पण निरोगी ऊतीच्या दोन सेंटिमीटरच्या तुकड्यासाठी डोक्यावर भारा घेऊन शेतातून येणाऱ्या बाईनं ती का मोजावी?

म्हणून शस्त्रक्रियेच्या टेबलावरची एक पद्धत सगळ्यांना माहीत असावी. आधीच्या तपासण्यांतून उत्तर मिळालं नाही आणि गाठ काढायचं ठरलं, तर सर्जन आधी फक्त गाठीपुरती पाचर काढतो. ती तशीच ओली प्रयोगशाळेत येते. तिथे उणे २० अंशांच्या आसपास ती गोठवतात, काप करतात, घाईनं रंग देतात, आणि वीस-एक मिनिटांत पॅथॉलॉजिस्ट ऑपरेशन थिएटरमध्ये उत्तर कळवतो. याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. तोवर रुग्ण भुलीखाली असतो, सर्जनचे हात थांबलेले असतात, आणि बाहेर बाकावर नातेवाईक दाराकडे डोळे लावून बसलेले असतात. ‘हे स्वादुपिंड आहे, कर्करोग नाही,’ एवढं कळलं, की सर्जन टाके घालतो आणि उरलेलं जठर जागच्या जागी राहतं. पक्कं उत्तर पुढे मेणातल्या कापांवरच मिळतं. पण किती कापायचं, याचा निर्णय बहुतेक वेळा त्या वीस मिनिटांत होतो. गाठ लहान आणि वरच्या थरात असेल, तर अनेकदा दुर्बिणीतूनच ती सोडवून काढता येते. पोट उघडावं लागत नाही.

आणि काही त्रास नसेल, निदान पक्कं असेल, तर पुष्कळदा काहीच करायचं नसतं. शरीरात काही जास्तीचं आहे म्हणून ते काढलंच पाहिजे, असं नाही. या भागात मूळ स्वादुपिंडाला होणारे आजार होऊ शकतात. त्याला सूज येते, पाण्याची पिशवी धरते, आणि फारच क्वचित त्यातच कर्करोगही होतो. म्हणून गाठ वाढत असेल, दुखत असेल, रक्त जात असेल किंवा निदानाबद्दल शंका असेल, तेव्हा ती काढायची. बाकीच्यांनी डॉक्टर सांगतील तेव्हा दाखवून यायचं.

आता दुसरी बाजू तितक्याच कळकळीनं सांगतो, कारण माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ कुणी काढू नये. जठरातल्या काही गाठी निरुपद्रवी निघतात हे ऐकून कुणी तपासणी टाळली, तर हे व्याख्यान न दिलेलंच बरं. जठराचा कर्करोग खरा आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी शोधला. त्यासाठी त्यांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९४ मध्येच या जंतूला कर्करोगाच्या सिद्ध कारणांत बसवलं. तंबाखूचाही या रोगात हात आहे. म्हणून सांगतो: काही न करता वजन उतरत असेल, शौचाला डांबरासारखी काळी होत असेल, जेवलेलं उलटून पडत असेल, घास अडकत असेल, रक्त कमी होत असेल, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अपचन सुरू झालं असेल, तर पित्ताच्या गोळीवर दिवस काढू नका. दुर्बिणीची तपासणी करून घ्या.

तुकडा पाहिल्याशिवाय नाव द्यायचं नाही, ही शिस्त महाराष्ट्राला परकी नाही. मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. भारतातल्या पॅथॉलॉजीच्या उभारणीत त्यांचं नाव अग्रभागी घेतलं जातं. कमरेला घट्ट आवळून बांधलेल्या धोतराच्या जागी होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचं वर्णन त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९४५ मध्ये केलं. आधी काचेवरच्या पेशी पाहिल्या, मग त्या पेशी ज्याच्या त्या माणसाचं नेसणं, खाणं, चघळणं पाहिलं. देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि ग्रामीण भागातली पहिली १९८७ मध्ये बार्शीला. अशा नोंदणीचा दर्जा ठरवताना आजही एक प्रश्न विचारतात: नोंदलेल्या रुग्णांपैकी किती जणांचं निदान सूक्ष्मदर्शकाखाली पक्कं झालं होतं? आकडेवारीला जी शिस्त लागते, ती माणसाला का लागू नये?

आता थोडं आपल्या घरांबद्दल. इथून दुसरं मत घ्यायला माणसं कसारा घाट उतरून परळला जातात. जाताना जाडजूड फाइल, एक्स-रे, सीडी, सगळं पिशवीत भरतात. राहतात ते मेणाचे ब्लॉक आणि काचा. मोठ्या रुग्णालयात पहिली मागणी त्यांचीच होते, कारण दुसऱ्याचा रिपोर्ट वाचून दुसरं मत देता येत नाही. ऊती पाहूनच देता येतं. ब्लॉक नसेल, तर पुन्हा फेरी, पुन्हा खर्च, कधी पुन्हा दुर्बीण. ज्या प्रयोगशाळेत तुकडा गेला, तिथे अर्ज करून ब्लॉक आणि काचा मागून घ्या. दुसऱ्या मतासाठी त्या मागणं हा तुमचा हक्क आहे. शस्त्रक्रियेचा खर्च झेपणार नसेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. निदान पक्कं होण्याआधी बैल विकू नका, शेत गहाण टाकू नका.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आपल्याकडे रुग्णाला शेवटी कळतं. डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगतात, ‘तिला काही सांगू नका.’ मग भावकीला कळतं, आळीला कळतं, मुलीचं लग्न घाईनं उरकायची बोलणी सुरू होतात, आणि जिचं पोट दुखतंय तिला फक्त चेहरे दिसतात. काही आठवड्यांनी निदान निरुपद्रवी निघतं, पण त्या दिवसांत तिनं जे भोगलं त्याचा हिशेब कुठेच लागत नाही. तिच्याशी बोला. ‘गाठ आहे, कशाची आहे ते अजून ठरायचंय, ठरलं की सगळ्यात आधी तुला सांगू,’ एवढं सांगता येतं, आणि ते खरंही असतं.

या सभेत बसलेल्या माझ्या डॉक्टर मित्रांना एकच विनंती. प्रयोगशाळेत तुकडा पाठवताना अर्जावर वय आणि नाव तेवढं लिहून थांबू नका. गाठ कुठे होती, अस्तराच्या वर होती की खाली, मध्ये खळगा होता का, तुमच्या मनात काय शंका आहे, तेही लिहा. चार ओळींनी आमची दिशा बदलते. आणि रिपोर्ट चित्राशी जुळत नसेल, तर फोन करा. आम्ही तुमच्या फोनची वाट पाहत असतो.

विज्ञान शाखेत शिकणारी मुलं-मुली इथे बसली आहेत. तुमच्यातल्या कुणी तरी पॅथॉलॉजी निवडावी, असं मला मनापासून वाटतं. तालुक्याच्या गावी चांगली प्रयोगशाळा आणि तिच्यात जागा न सोडणारा माणूस असेल, तर कितीतरी माणसांच्या पोटावरची सुरी वेळीच थांबेल, आणि कितीतरी माणसांच्या पोटावर ती वेळीच चालेल. दोन्हींत जीव वाचतो.

कर्करोग हा शब्द ऊतीच्या पुराव्याशिवाय कुणी उच्चारू नये, आणि पुरावा हाती आल्यावर उपचारात एक दिवसही कुणी दवडू नये. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो, त्या डॉक्टरांच्या मुलखात ही रीत पडली, तर त्यांचं स्मरण आपण खऱ्या अर्थानं जपलं असं मी म्हणेन.